मालकांच्या हस्ते

“काका, ड्रायव्हर लोकांसाठी बाहेर बाक आहे. तिकडं बसा.”

मी शोरूममधल्या गाडीच्या डिकीत डोकं घालून आईचा वॉकर मावेल का ते पाहत होते. वाक्य कानावर आलं, पण ते आपल्या माणसासाठी आहे असं वाटलंच नाही. असेल कोणाचा तरी ड्रायव्हर. वळून पाहिलं तर काचेच्या दारातून बाबांची पाठ बाहेर पडत होती.

भांडले नाहीत. थांबले नाहीत. “मी हिचा बाप आहे” एवढंही म्हणाले नाहीत. सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले होते. उठले, बसले होते ती जागा तळहातानं झटकली आणि बाहेर गेले.

सेल्समन हसत माझ्याकडे वळला. “बोला मॅडम. टॉप मॉडेल दाखवू?”

“तुम्ही आत्ता ज्यांना बाहेर बसवलं ते माझे वडील आहेत.”

“सॉरी मॅडम. कपड्यांवरून वाटलं.”

कपड्यांवरून. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर रुमाल. आईनं नीळ घालून धुतलेले, इस्त्रीसाठी गादीखाली ठेवलेले. लेकीची गाडी पाहायला बुलढाण्याला जायचं म्हणून बाबांनी ठेवणीतले काढले होते. आणि खरं सांगते, तो सेल्समन चुकला नव्हता, हेच मला जास्त झोंबलं. बाबा ड्रायव्हरच. हयातभर त्यांनी आमच्या गावच्या मालकांची गाडी चालवली.

मी बाहेर गेले. लिंबाखाली बाक होता. बाबा तिथं दुसऱ्या ड्रायव्हरांशी गप्पा मारत होते. आतल्यापेक्षा मोकळे दिसत होते.

“बाबा, चला आत.”

“राहू दे न बाई. अठी बरं आहे. हवा लागते.”

“गाडी आपण घेऊन राह्यलो.”

“हाव. तू घे. मले अठून दिसते.” मग आवाज खाली करून म्हणाले, “अन् त्यानं काय खोटं सांगतलं? ड्रायव्हर नाही का मी?”

मी आत गेले. बाबा काचेपलीकडे. मला निळी गाडी हवी होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही. मी पुन्हा बाहेर गेले. म्हणाले, “निळी नको बाई. रोज गावातून जाईल ते. लोकं म्हनतीन, शिंगं फुटली यायले.” आपला, जयंतीच्या झेंड्याचा रंग आहे म्हणूनच तो नको. मी पांढरी घेतली. त्या दिवशी मला वाटलं, रंगानं काय होतंय, गाडी तर आपली आहे.

मी चिखलीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. लग्न मोडल्यावर आई-बाबांकडे परत आले आणि राहिले. आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, फाट्यापासून आत. आईचे दोन्ही गुडघे गेले आहेत. तिला बुलढाण्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे काळीपिवळीत कोंबायचं. जीपवाला म्हणायचा, म्हातारीचा पाय आत घ्या, दार लागत नाही. आई पाय हातानं उचलून आत घ्यायची आणि ओठ आवळून बसायची. गाडी घ्यायची हे मी अशाच एका फेरीत ठरवलं.

चालवायला मी चिखलीच्या क्लासमध्ये शिकले. ज्याच्या हातात जन्मभर स्टिअरिंग, त्याच्या लेकीला क्लास लावावा लागला. कारण बाबांच्या हातातली गाडी आमची नव्हती. तिला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. लहानपणी ती दारासमोर थांबायची तेव्हा मी नुसती तिच्या आरशात तोंड पाहायची, तेही मालक आत नसले तर.

त्यांना सगळं गावच मालक म्हणतं. आमच्या वस्तीत मान जरा जास्त खाली घालून म्हणतात. बाबांना ते ‘किसन्या’ म्हणत. किसन्या, गाडी काढ. किसन्या, थांब. बाबा त्यांच्याआधी कधी जेवले नाहीत आणि ते उभे असताना कधी बसले नाहीत. पण मालक वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. दिवाळीला कपडे द्यायचे. आईच्या आजारपणात विचारपूस करायचे. शिव्या द्यायचे ते सगळ्यांनाच.

एक गोष्ट मात्र होती. मालक देवाला निघाले की बाबांना सुट्टी असायची. कुळदेवीला जायचं, सत्यनारायणाला लेकीकडे जायचं, तर गाडी दुसरा ड्रायव्हर चालवायचा. बाबा ओसरीवर बसून आमच्याशी खेळायचे. मला देवाचे दिवस फार आवडायचे. दहावीला असताना एकदा मी सहज विचारलं, “बाबा, देवाले जाताना तुमाले काऊन नाही नेत?” ते सुपारी कातरत होते. कातरत राहिले. आईनं मला पाणी आणायला बाहेर पाठवलं. बाहेर हापशावर उभी असताना मला समजलं. दवाखान्यात, कोर्टात, बाजारात, मयतीला बाबांचे हात चालत होते. देवाला चालत नव्हते. त्यानंतर ते सुट्टीला घरी राहिले की मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

म्हणून माझ्या मनात एकच होतं. गाडी आली की तिची किल्ली मी माझ्या हातानं बाबांच्या हातात देणार. मालकाची नाही, लेकीची. इतकी साधी गोष्ट. ड्युटीवर सलाईन लावता लावता मी ती मनात कितीदा करून पाहिली होती.

गाडी मिळायच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. गाडी लाल कापडानं झाकून ठेवली होती. बाबा सोफ्यावर बसले, कारण मी त्यांच्या शेजारी हात धरून बसले होते. मॅनेजर स्वतः आला. हातात ताट. नारळ, कुंकू, हार.

मी म्हटलं, “पूजा नको. हार घाला फक्त.”

“काऊन मॅडम? सगळे करतात. स्वस्तिक काढू, नारळ फोडू, लिंबू ठेवू चाकाखाली.”

“आमच्यात नाही करत.”

“अच्छा,” तो म्हणाला. मग थोडं थांबून पुन्हा, “अच्छा, अच्छा.”

त्या दुसऱ्या अच्छामध्ये आमचं आडनाव, वस्ती, सगळं आलं. ताट त्यानं टेबलावर ठेवून दिलं. अदबशीर होता, पण मघाचा उत्साह गेला होता. हारही ताटातच राहिला.

तेवढ्यात मालक आले. त्यांची मोठी गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली, ती न्यायला. बाबा उठून उभे राहिले. माझा हात त्यांच्या हातातून कधी सुटला ते मला कळलं नाही.

“काऊन बे किसन्या, गाडीवाला झाला तू?” मालक हसले. लोकही हसले. बाबाही हसले.

मॅनेजरचा चेहरा परत खुलला. मालक त्यांचं जुनं गिऱ्हाईक. “तुमच्याच गावचे आहेत का साहेब? मग चावी तुमच्याच हस्ते होऊन जाऊ द्या. आमच्याकडे पद्धतच आहे, मोठा माणूस असला तर त्याच्या हातून.”

“नको,” मी म्हटलं. “किल्ली मी देणार आहे.”

“मॅडम, एकच मिनिट. फोटोपुरतं.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. “घेऊ दे बाई,” ते पुटपुटले. “मालक उभे आहेत.”

लाल कापड ओढलं. मोठी पुठ्ठ्याची किल्ली आणली, ती मालकांच्या हातात. मालक मधे, बाबा समोर. बाबांनी रुमाल खांद्यावरून काढून काखेत धरला, कंबरेत वाकले आणि दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले. कोणी सांगितलं नव्हतं तसं उभं राहायला. मी आणि आई फोटोच्या कडेला. आईचा तर अर्धाच चेहरा आला. मग मालक निघाले, तेव्हा बाबांनी पुढं पळत जाऊन नव्या गाडीचं मागचं दार उघडलं. सवयीनं. मालकांना वाटलं आत बसून पाहा म्हणतो आहे. बसले. आमच्या गाडीत पहिले मालक बसले. “चांगली आहे बे,” म्हणाले, आणि उतरून आपल्या गाडीनं गेले.

येताना मी चालवली. बाबा शेजारी. आई मागून एकदाच म्हणाली, “पाय सरळ झाले माह्ये.” तिला रडू येत होतं. ते सुखाचं होतं, असं मी धरून चालले.

संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला. शोरूमनं टाकलेला. खाली लिहिलं होतं, ‘जुन्या विश्वासू चालकाला नवी कोरी गाडी! आपल्या मालकांच्या मोठ्या मनाला सलाम.’ त्याखाली गाव ओळीनं उभं राहिलं होतं. असा मालक भेटायला नशीब लागतं. देव माणूस. किसनानं सोनं केलं. मालकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसते हात जोडले.

मी मॅनेजरला फोन केला. “हे खोटं आहे. काढा.”

“मॅडम, चांगलंच तर लिहिलंय. कोणाची बदनामी आहे का त्यात?”

त्याला खरंच कळत नव्हतं. बाईचा पगार, बाईच्या रात्रपाळ्या, बाईची गाडी, हे त्या फोटोत कुठं बसवावं हेच त्याला सुचलं नसावं. वाकलेला माणूस आणि ताठ उभा माणूस म्हटलं की कोणी कोणाला दिलं ते आमच्याकडे विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा पेढे घेऊन मालकांकडे गेले. मी म्हटलं, “तिथं सांगा, गाडी कोणाची आहे ते.” ते म्हणाले, “मालकाले माहीत नाही का? त्याह्यले माहीतच आहे.” परत आले ते खूश होते. मालकांनी खुर्ची दिली म्हणाले. प्लास्टिकची, अंगणात. पण खुर्ची.

मग मालकांच्या नातीचं लग्न आलं. चिखलीच्या मंगल कार्यालयात. मी एसटीनं जाऊन सकाळची ड्युटी करून घरी आले तर दारात गाडी नाही.

“बोलावणं आलतं,” आई म्हणाली. “पाहुणे आना लागतात नव्या गाडीनं. कसे नाही म्हनतीन ते?”

आईला त्या दिवशी तपासायला न्यायचं होतं. ती पातळ बदलून बसली होती. मी तशीच निघाले. फाट्यावर आले, काळीपिवळीत बसले, चिखलीला गेले.

कार्यालयाच्या फाटकात माझी गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूच्या माळा. बाबा पांढऱ्या कपड्यांत मागचं दार धरून उभे, एक एक पाहुणा उतरत होता. शेवटचा कोणी जाडजूड गृहस्थ उतरला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून विचारलं, “तूच का तो? मालकानं गाडी दिली तो?”

बाबा म्हणाले, “हाव.”

हसून म्हणाले. हात जोडून म्हणाले. मी हाताच्या अंतरावर होते, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्या एका शब्दानं माझ्या आत काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. राग आधी आलाच नाही. आधी खूप एकटं वाटलं. मग आला.

मालक फेटा बांधून दारातच स्वागताला होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मालक, ही गाडी माझी आहे. माझ्या पगाराची. तुम्ही दिलेली नाही. या पाहुण्यांना सांगा.”

सनई चालू होती. तरी आजूबाजूचे वळून पाहू लागले.

“अवो बाई,” मालक म्हणाले, “हे काय बोलाचं ठिकाण आहे का? लग्न आहे आज.”

“गाडी आणायचं ठिकाण होतं. मग बोलायचंही आहे.”

मालकांचा चेहरा उतरला नाही, हे मला लिहिलं पाहिजे. ते रागावलेही नाहीत. त्यांनी नुसतं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, “किसन्या, समजाव बे पोरीले.”

“त्यांना बे म्हणायचं नाही,” मी म्हटलं.

कोणीतरी मागून बोललं, दोन अक्षरं शिकल्या की असंच होते. कोणी जातीवर गेलं, हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतकं. बाबा जमिनीकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे गेले आणि किल्ली मागितली. त्यांनी खिशातून काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. मला. पोटच्या लेकीला. मालकांना देत तशी, कंबरेत वाकून.

मी ती मुठीत घट्ट धरली.

“बसा बाबा. घरी जाऊ.”

“स्टँडवरचे पाहुणे आना लागतात,” ते म्हणाले. “एक फेरी बाकी आहे माही.”

आणि ते गेटकडे चालायला लागले, दुसरी गाडी पाहायला. मी झेंडूच्या माळा काढल्या, भिंतीवर ठेवल्या आणि निघाले. एकटीच. चिखलीच्या बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि ओरडून रडले. कापसाच्या गाड्या बाजूनं जात होत्या. कोणी थांबलं नाही ते बरं झालं.

बाबा दिवेलागणीला एसटीनं आले. जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, जेवून आलो. खोटं होतं. भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे न पाहता बोलले. आयुष्यात एवढं सलग बोललेलं मी तेव्हाच ऐकलं.

“त्या घरात मले एकच चीज भेटली होती बाई. भरोसा. किसन्या नाही म्हनत नाही, हा भरोसा. शेत नाही भेटलं, पैसा नाही भेटला, थेवढंच कमावलं म्या. लोकं मले ओळखत त्या भरोशानं. ते तू आज चार लोकात घालवून आली.”

मला बोलायचं होतं, बाबा, देवाला जाताना तो भरोसा कुठं जायचा? जिभेवर आलं होतं. बोलले नाही. त्यांचा चेहरा पाहिला आणि नाही बोलता आलं. हे एक वाक्य मी त्यांना कधीच म्हणणार नाही. ते मला एकटीला पुरे आहे.

आठवड्यानं मालकांचा माणूस आला. निरोप होता, बाईनं येऊन मालकांची माफी मागावी. तोवर किसननं अंगणात पाय टाकू नये.

बाबा आता कामाला जात नव्हतेच फारसे. वय झालं होतं. कधी बोलावलं तर जायचे. पण सकाळ झाली की अंघोळ करून, पांढरे कपडे घालून तयार बसायचे. निरोप आल्यावरही बसायचे. कोणी बोलवायचं नाही. दुपारी कपडे बदलायचे. मी हे रोज पाहत होते. डबा भरत होते, आईला गोळ्या देत होते, आणि पाहत होते.

एका सकाळी ते माझ्याजवळ आले. मी गाडीच्या काचा पुसत होते.

“एकडाव चाल न बाई माह्यासंगं,” ते म्हणाले. “तुले आत या नाही लागत. फाटकातूनच म्हन. चुकलं म्हन. एवढंच. मंग मी नाही सांगत तुले कधी काही.”

आणि त्यांनी हात जोडले. बापानं. माझ्यापुढं.

मी फडकं खाली ठेवलं. त्यांचे हात धरून सोडवले. घट्ट जोडले होते, सोडवावे लागले.

“नाही बाबा,” मी म्हटलं.

“माह्यासाठी?”

“तुमच्यासाठीच नाही म्हणते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लेक नव्हती, कोणी परकी बाई होती. कदाचित ते मला आता कधीच माफ करणार नाहीत. गाडीत पुन्हा बसले नाहीत. आईला डॉक्टरकडे नेते तेव्हा ते एसटीनं येतात, दवाखान्याच्या दारात आमच्या आधी उभे असतात. लोक विचारतात, बापाशी असं वागून तुला काय मिळालं? काही मिळालं नाही. बाप होता तोही दूर गेला. मी रोज रडते, हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मला हे सोपं गेलं.

पण फाटकात मी जाणार नाही. मालक म्हातारे होतील, बाबा म्हातारे होतील, कोणाचं तरी आधी बरंवाईट होईल, आणि तेव्हाही कोणीतरी उठून म्हणेल की मालकांनी किसनला गाडी दिली होती. मी तिथं असेन. प्रेत दारात असलं तरी मी उठेन आणि म्हणेन, खोटं आहे.